सगुणाबाईची तांबडी कोंबडी

मुलाखतीला आठवडा उरला, तेव्हा पायल ओव्हाळला वाटलं की निवड समितीसमोर नुसते आलेख ठेवण्यापेक्षा एखादा जिताजागता आवाज ऐकवावा. जेवणानंतरची वेळ, वातानुकूलित खोली, समितीतली सगळी मंडळी पन्नाशीच्या पुढची. आलेख बघताना डोळे मिटतात. माणसाचा आवाज ऐकताना मिटत नाहीत, निदान कमी मिटतात.

पायल पुण्यातल्या एका संशोधन विद्यापीठात मानसोपचार विभागात काम करत होती. मानसशास्त्रात पीएच.डी. झालेली, पण नोकरी कंत्राटी. दर वर्षी नवी ऑर्डर निघायची आणि ती हातात पडेपर्यंत जीव टांगणीला. आता विभागात सहायक प्राध्यापकाची एक कायमची जागा निघाली होती. अशी जागा निघणं म्हणजे शनिवारी लोणावळ्यात गाडी लावायला जागा मिळण्यासारखं. मिळाली तर मागेपुढे बघायचं नाही, सरळ घुसायचं.

आणि घुसण्यासारखं काम तिच्याकडे होतं. मावळातल्या काही गावांतल्या म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती ती दोन वर्षं तपासत होती. बेडशात दर बुधवारी विहाराच्या ओट्यावर वयस्क बायकांना एकत्र बसवायचं, गप्पा, खेळ, चहा. इंदुरीत आणि बाकीच्या गावांत काही करायचं नाही. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी सगळ्यांना एक छोटी गोष्ट सांगायची आणि थोड्या वेळानं ती परत म्हणून घ्यायची. जेवढं आठवेल तेवढे गुण. एकत्र बसण्यानं विसरणं थोडं तरी लांबतं का, एवढाच प्रश्न. बेडशाच्या बायकांचं विसरणं नुसतं लांबलं नव्हतं, त्यांना पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त आठवत होतं. लेख लिहून झाला होता, छापायलाही पाठवला होता.

बेडसे हे पायलचं स्वतःचं गाव. म्हणून तिथल्या चाचण्या तिनं घेतल्या नव्हत्या. त्या तिच्या सहायकानं, लोणावळ्याच्या अतुलनं घेतल्या. पायलपुढे यायचे ते फक्त क्रमांक आणि गुण. नात्यातल्या कुणाला घ्यायचं नाही, असं तिनं अतुलला बजावलं होतं. नियम म्हणजे नियम.

लोणावळ्यातल्या तुंगार्लीत एका भाड्याच्या बंगल्याच्या दोन खोल्यांत विभागाचं मावळातल्या कामापुरतं कार्यालय होतं. तिथं खिडक्या बंद करून, माकडांपासून डबा वाचवून, कानाला हेडफोन लावून पायल ध्वनिमुद्रणं ऐकायला बसली.

गोष्ट तिनंच रचलेली. सगुणाबाई सोमवारी सकाळी दोन कोंबड्या घेऊन बाजाराला निघाली. नदीजवळ टेम्पो बंद पडला. एक कोंबडी पाटीतून निसटली. शाळेतून येणाऱ्या दोन मुलींनी ती पकडून दिली. सगुणाबाईनं त्यांना पेरू दिले. संपली गोष्ट.

पहिला आवाज चांगला होता, जरा खरखरीत. "...आनि मंग त्यातली एक तांबडी कोंबडी पाटीतनं निसटली..."

पायलनं नोंद केली आणि पुढचा आवाज लावला.

"...तांबडी कोंबडी पाटीतनं निसटली..."

तिसऱ्या बाईची कोंबडीही तांबडी. चौथीचीही. पायलनं हेडफोन काढले, पाणी प्यायली, पुन्हा लावले. एका माणसाची चूक ही चूक असते. वर्गातल्या सगळ्यांच्या पेपरात एकच चूक सापडली, की शिक्षक बाकांची मांडणी बघतात. तिनं बेडशाची सगळी मुद्रणं ऐकली. गोष्टीत कोंबडीला रंग नव्हता. बेडशात ती एकजात तांबडी होती.

आणि मग एका क्रमांकावर तिचा हात थांबला. हा आवाज तिला ओळखायचा नव्हता, पण आवाज ओळखायला कुणी आपली परवानगी विचारत नाही. ती तिची चंपाआत्या होती.

आईवडील दोघंही तळेगावच्या कारखान्यात पाळीवर जायचे, तेव्हा पायलला वाढवलं ते आत्यानं. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली ती कायमचीच. कागदावर आडनाव मात्र सासरचं, भालेराव. अतुलला कळलं नसणार, आणि आत्यानं सांगितलं नसणार.

पायलनं तिचं पहिल्या खेपेचं मुद्रण शोधून काढलं. "सगुणाबाई..." मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. "सगुणाबाई... पुढं काय हाय रं लेकरा? तूच सांग की." दुसऱ्या खेपेला हीच बाई घडाघडा, श्वासही न घेता गोष्ट म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायल कामशेतला उतरली आणि वडापच्या जीपनं बेडशाला गेली. घरी न जाता थेट पॉलिहाऊसवर. फेब्रुवारीचा पहिला आठवडा, गुलाबाचा सगळ्यात मोठा हंगाम. शेडमध्ये बायका फुलं लांबीप्रमाणे निवडून गड्ड्या बांधत होत्या. झुंबरमावशी आणि हिरामावशी एकाच टेबलाला होत्या. दोघी आत्याच्या मैत्रिणी, पायलला कडेवर घेतलेल्या.

"बया! पायले, आज कशी गं उगवलीस?" झुंबरमावशी म्हणाली. "परीक्षा झाली?"

"कुठली परीक्षा? शुक्रवारी मुलाखत आहे. मावशी, एक सांगा. सगुणाबाईची कोंबडी कुठल्या रंगाची होती?"

"तांबडी," झुंबरमावशी पटकन म्हणाली. मग तिनं पायलच्या तोंडाकडे बघितलं आणि हातातली गड्डी खाली ठेवली. "का गं? बरुबर हाय न्हवं?"

"गोष्टीत रंगच नाही."

हिरामावशीनं कपाळावर हात मारला. "म्हनलं हुतं का न्हाई मी? झुंबरे, म्हनलं हुतं का न्हाई, रंग न्हवता!"

"गप ए. तवा बोलायचं हुतं."

"तवा बोलले, तर तूच म्हनलीस, चंपीचं चुकतंय तर समद्यांचंच चुकू दी."

हे बोलून गेल्यावर मात्र हिरामावशीनं जीभ चावली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. शेवटी झुंबरमावशीनं हातमोजे काढले, पायलला शेडच्या बाहेर रिकाम्या क्रेटवर बसवलं आणि स्वतः तिच्यासमोर उकिडवी बसली.

"चंपीच्या ध्यानात ऱ्हात न्हाई गं आताशा," ती म्हणाली. "पयल्या खेपेला तुझा त्यो मानूस येऊन गेला, तवा ती माझ्या वट्यावर येऊन रडली. म्हनली, माझ्या पोरीच्या परीक्षेत मी नापास झाले."

"मावशी, ती माझी परीक्षा नव्हती."

"मंग कुनाची? तू पुन्याला शिकती. तुझा मानूस येतो, इचारतो, मार्कं लिवून नेतो. आमाला ह्या वयात मार्कं काय करायचीत, चुलीत घालायचीत? आमी म्हनलं, जेवढी आमाला पडतील तेवढी तुलाच जात्याल. आनि घरच्याच बाईचं डोस्कं ठिकानावर न्हाई म्हनल्यावर तुला कोन प्रोफेसर करल?"

पायलला हसूही येत होतं आणि रडूही. "मग तुम्ही तिला शिकवलंत?"

"एक गड्डी बांधायची, एक वाक्य म्हनायचं. सबंध साल. ती आपली तांबडीच म्हनायची. रंग काढाया लावला, का पुढचं समदंच निसटायचं. टेम्पो न्हाई, पोरी न्हाईत, काय न्हाई. मंग ऱ्हाऊ दिली तांबडी. म्हनलं, हिचं एकटीचंच येगळं दिसाया नको. समद्यांनीच तांबडी म्हनायची." मावशीनं मान वर केली. "लय वंगाळ झालं का गं?"

पायलला खरं तर राग यायला हवा होता. दोन वर्षांचं काम, त्यावर उभा केलेला लेख, त्यावर उभी राहणारी नोकरी. राग आला, पण तो ठेवायला जागा सापडेना. गोष्ट एक वर्षानं तीच वापरायची, असं तिनंच ठरवलं होतं. एवढीशी गोष्ट वर्षभर कोण लक्षात ठेवणार, असं तिनं प्रस्तावात लिहिलं होतं.

"नाही मावशी," ती म्हणाली. "वंगाळ काही नाही."

घरी आत्या एकटीच होती. पायलला बघून तिचा चेहरा उजळला. ती लगबगीनं चहाला उठली. आता पायल बघत होती, म्हणजे जिथं बघायला शिकली होती तिथं बघत होती. आत्यानं दूध घातलं, साखर घातली, पावडर घातली, आणि चहाला उकळी फुटायच्या आधीच गॅस बंद केला. पांढरट, कोमट चहा कपात आला.

"आज वार कुठला गं, आत्या?"

"ऐतवार. ऐतवारबिगर तू कशाला येतीस?"

मंगळवार होता. पण कारण बिनचूक होतं. अशा बिनचूक कारणांवर आत्यानं किती महिने काढले असतील, असं पायलच्या मनात आलं. आणि आपण दर महिन्याला येतो, जेवतो, पिशवीत भाजी घेऊन जातो. आपण काय बघत होतो?

"च्या जमलाय ना?"

"मस्त झालाय." पायलनं कप रिकामा केला.

"आमाला किती मार्कं पडली?" आत्यानं हळूच विचारलं.

"भरपूर."

"मंग झालं तर." आत्या समाधानानं भिंतीला टेकली.

संध्याकाळी तुंगार्लीच्या कार्यालयात पायलनं अतुलला सगळं सांगितलं. तो आधी पोट धरून हसला. मग गंभीर झाला.

"मॅडम, रंगाला गुण आहेत का? नाहीत. मग तांबडी असो नाहीतर निळी, फरक काय पडतो? ती मुद्रणं तुमच्याशिवाय कोण ऐकणार आहे? शुक्रवार होऊ द्या. मग बघू."

फरक पडत होता, हे त्यालाही माहीत होतं. पण ऐकणारं कुणी नाही, हेही खरं होतं. पायल परतीच्या गाडीत तेच घोळवत बसली. शुक्रवार होऊ द्यायचा. जागा मिळाली की सावकाश दुरुस्ती पाठवायची. लोक पाठवतात.

डॉ. केळशीकर तिच्या मार्गदर्शक. निवृत्तीला आलेल्या, तिरसट, विद्यार्थी त्यांना मागे 'सुई' म्हणायचे. दुसऱ्या दिवशी पायल गेली तेव्हा ओपीडी संपवून त्या डबा खात होत्या. पायल बोलत असताना त्यांनी खाणं थांबवलं नाही. तिचं बोलून झाल्यावर झाकण लावलं.

"एक वर्षानं तीच गोष्ट," त्या म्हणाल्या. "त्या प्रस्तावावर माझी सही आहे. म्हणजे गाढव दोन झाले. बेडसं काढून टाकलं तर काय उरतं?"

"इंदुरी आणि बाकीची गावं. त्यात सांगण्यासारखं काही नाही."

"म्हणजे शून्य."

"शून्य, मॅडम."

"बाकीच्या उमेदवारांचे लेख मी पाहिलेत. चांगले आहेत." त्यांनी चष्मा पुसला. "सांग असं मी म्हणणार नाही, सांगू नको असंही म्हणणार नाही. पोट तुझं आहे. मला फक्त एक विचारायचंय. आत्याला केव्हा आणतेस?"

पायलला आत्ताच कळलं की गाडीत ती जे घोळवत होती त्यात आत्या कुठेच नव्हती. कागदावर चंपा भालेराव यांची स्मरणशक्ती वर्षभरात सुधारली होती. तो कागद खरा ठेवायचा, तर त्या बाईला ओपीडीत कुठल्या तोंडानं आणायचं? आणि शुक्रवार, मग ऑर्डर, मग रुजू होणं, मग सावकाश दुरुस्ती. तोवर आत्याचे किती महिने जायचे?

"सोमवारी आणते," ती म्हणाली.

"आण. उपाशीपोटी आण, रक्त तपासायला लागेल."

शुक्रवारी पायल समितीसमोर उभी राहिली. पहिल्याच पडद्यावर तिनं लिहिलं होतं, की छापायला पाठवलेला लेख तिनं काल मागे घेतला आहे. मग का घेतला ते सांगितलं. समितीत कुणाचेच डोळे मिटले नव्हते. तांबड्या कोंबडीशी आल्यावर दोघं मोठ्यानं हसले. बाहेरून आलेले एक तज्ज्ञ तेवढे हसले नाहीत.

"तीच गोष्ट का वापरलीत?" त्यांनी विचारलं.

"तुलना सोपी जाईल म्हणून. लोक विसरतील असं गृहीत धरलं होतं. चुकलं."

"मग तुमचा निष्कर्ष काय?"

"सध्या नाही, सर."

"एकूण, तुम्ही आज आमच्यासमोर निष्कर्षाशिवाय आला आहात."

"हो."

ते पुढे झुकले. "कळवलं नसतंत, तर आम्हाला कळलं नसतं."

"त्यातल्या एका बाईंवर उपचार सुरू करायचे आहेत, सर. त्यांचे गुण खरे मानले तर त्या आजारीच नाहीत."

त्यांनी मान हलवली आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते पायलला शेवटपर्यंत कळलं नाही.

सोमवारी आत्या पुण्याला आली, नवं लुगडं नेसून. केळशीकर मॅडमनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देण्याआधी ती पायलकडे बघायची, आपलं बरोबर आलं तर पोरीचं भलं होणार अशा विश्वासानं. मॅडमनी पायलला बाहेर बसवलं. दार लावून घेतल्यावर आतून बराच वेळ दोघींच्या हसण्याचा आवाज येत होता. 'सुई'ला हसताना विभागात फारसं कुणी ऐकलेलं नव्हतं. तपासण्या झाल्या, मेंदूचा फोटो झाला. आजार सुरुवातीचा होता. औषधानं तो जाणार नव्हता, पण त्याची चाल थोडी मंदावणार होती.

जागा दुसऱ्याच एका मुलीला मिळाली. बेंगळुरूहून आलेली, हुशार, स्वभावानंही बरी. पहिल्याच दिवशी तिनं पायलला चहा पाजला. पायलची कंत्राटी ऑर्डर मार्चअखेरपर्यंत होती. पुढचं मॅडम बघते म्हणाल्या होत्या, पण त्यांच्या बघण्यालाही आता थोडेच महिने उरले होते.

निकालानंतरच्या पहिल्या रविवारी पायल बेडशाला गेली. उन्हं पडवीत आली होती. आत्या सूप पुढ्यात घेऊन वालाच्या शेंगा सोलत बसली होती. पायल शेजारी बसून सोलू लागली.

"निकाल लागला का गं?" आत्यानं विचारलं.

अजून नाही, असं सांगायचं पायल येतानाच ठरवून आली होती. पण तोंडातून निघालं, "लागला. मला नाही घेतलं, आत्या."

आत्याचे हात थांबले. "किती जनं हुती?"

"चौघं."

"मंग चौघांतली तू दुसरी असशील. दुसरी म्हंजी लय झालं. तुझा बाप सातवीला तीनदा बसलाय."

आत स्वयंपाकघरात पायलचे वडील, विठ्ठल, यांनी घसा खाकरला. पायल हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

जेवणं झाली. आत्यानं भांडी विसळली, पुसली, फळीवर लावली. मग पदराला हात पुसत पायलपाशी आली. "निकाल लागला का गं तुझा?"

"लागला, आत्या. नाही मिळाली नोकरी."

या वेळी आत्या भडकली. कमरेला पदर खोचून तिनं त्या समितीचा उद्धार केला. त्या लोकांना काय कळतं, त्यांनी जन्मात एक भाकर तरी थापली का, त्यांना म्हणावं या एकदा बेडशाला, मग दाखवते. पायल निमूट ऐकत राहिली. तिच्या वतीनं कुणी इतकं भांडलं नव्हतं.

वडिलांनी तिला अंगणात बोलावलं. "का सारखं सारखं सांगतीस तिला? झाले म्हन की एकदा. खूश हुईल. तिच्या कुठं ध्यानात ऱ्हानार हाय."

ते म्हणत होते त्यात चूक नव्हती. पायलनं शिकलेल्या पुस्तकांतही जवळपास तेच लिहिलेलं होतं: अशा माणसाला प्रत्येक वेळी दुःखद बातमी नव्यानं देऊ नये. तिनंच हे वाक्य विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. बरोबर वाक्य होतं. पुढच्या खेपेला तसंच म्हणायचं, असं तिनं वडिलांना सांगितलंही.

उन्हं कलली. समोरच्या डोंगरावर लेण्यांकडे गेलेली मंडळी पायऱ्या उतरताना दिसत होती. पायलनं बॅग भरली, चपला घातल्या. आत्या परत शेंगांपाशी बसली होती. सोललेल्या शेंगांची टरफलं ती पुन्हा उघडून बघत होती.

"पायले, निकाल लागला का गं?"

झाले, आत्या. झाले प्रोफेसर. शब्द तयार होते. पायलनं आत्याच्या तोंडाकडे बघितलं. सकाळपासून दोनदा या बाईनं तिची समजूत काढली होती, आणि दोन्ही वेळा वेगळी. पुण्यात सगळ्यांनी तिला शाबासकी दिली होती, खरेपणाबद्दल, धैर्याबद्दल. वाईट झालं, असं कुणी म्हटलं नव्हतं.

"लागला," ती म्हणाली आणि चपला काढून खाली बसली. "नाही झालं माझं."

आत्यानं सूप बाजूला सरकवलं. पायलच्या कपाळावरचे केस मागे सारले. तळव्याला वालाचा हिरवा वास येत होता.

"मंग आता काय करनार तू?"

"माहीत नाही गं."

"मंग आजच्याला ऱ्हा," आत्या म्हणाली. "कोमट पानी ठिवते. न्हाऊन घे, केस धुऊन देते."

पायलनं बॅग परत घरात नेऊन ठेवली आणि गॅस पेटवायला आत्याच्या मागोमाग गेली.